ताकदवान पिकअप कशाला म्हणायचे?

फेब्रुवारी २००४ मध्ये डॉजच्या रॅम एसआरटी-१० या पिकअपने ताशी १५४ मैलांहून थोडा अधिक वेग गाठला, म्हणजे जवळपास २४९ किलोमीटर. कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडलेली जगातली सर्वांत वेगवान पिकअप म्हणून तिचे नाव गिनेसच्या नोंदीत गेले. तिच्या बॉनेटखाली व्हायपर या स्पोर्ट्स कारचे दहा सिलिंडरचे, ८.३ लिटरचे आणि ५०० हॉर्सपॉवरचे इंजिन होते. पुढे २०२१ च्या मॉडेल-वर्षात याच घराण्यातली रॅम १५०० टीआरएक्स आली. तिची ताकद ७०२ हॉर्सपॉवर, पण वेग कंपनीनेच ११८ मैलांवर बांधून ठेवलेला. ताकद दोनशेने वाढली आणि वेग छत्तीस मैलांनी उतरला. एसआरटी-१० ला २२ इंची रिमवर चढवलेले, डांबरी रस्त्याला चिकटून धावणारे पातळ कडांचे टायर होते. टीआरएक्सला ३५ इंच उंचीचे, जाड भिंतींचे, खडबडीत नक्षीचे टायर आहेत. वाळूत आणि दगडात ते मार खातात, तरी टिकतात. पण सरळ महामार्गावर फार वेगाने फिरवले तर तापतात. दोन्ही गाड्यांच्या जाहिरातीत ‘परफॉर्मन्स’ हाच शब्द होता आणि दोन्हींच्या बाबतीत तो खराच होता.

हे पुस्तक या दोन गाड्यांमधल्या अंतराबद्दल आहे. अमेरिकेत फुल-साइज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पिकअपच्या ज्या ताकदवान आवृत्त्या निघतात, त्यांची एकमेकींशी तुलना कशी करायची, हा त्याचा विषय. फोर्डची एफ-१५०, रॅमची १५००, शेव्हरोलेची सिल्व्हराडो १५००, तिची सख्खी बहीण जीएमसी सिएरा १५०० आणि टोयोटाची टंड्रा, एवढ्याच गाड्या इथे आहेत. अडीचशे आणि साडेतीनशेच्या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या हेवी-ड्यूटी पिकअपचे जग निराळे आहे, ते मी हाताळलेले नाही.

महाराष्ट्रात पिकअप म्हटले की पहाटे भाजीपाला, कांदा, दुधाचे कॅन घेऊन निघालेली गाडी डोळ्यांपुढे येते. तिच्याकडून वजन उचलण्यापलीकडे कोणी काही मागत नाही. अमेरिकेतली पिकअपही मुळात अशीच कामाची गाडी. आजही एफ-१५० ची सर्वांत साधी एक्सएल ही आवृत्ती ठेकेदार, नगरपालिका, वीज कंपन्या ताफ्याने घेतात. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक आहे. तो खप या कष्टाळू वर्गाने उभा केला. मात्र त्याच सांगाड्यावर आता कातड्याच्या खुर्च्या, मसाज, छताला काचेचे पान असलेल्या गाड्याही बनतात, आणि त्याच सांगाड्यावर वाळवंटात उडी मारणाऱ्या गाड्याही. टेक्सासला किंवा मिशिगनला स्थायिक झालेला मराठी माणूस जेव्हा पहिल्यांदा विक्रेत्याच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो गोंधळतो. गोंधळ त्याच्या अज्ञानामुळे होत नाही. मांडणीच तशी असते.

एफ-१५० चेच पाहा. एक्सएल, एक्सएलटी, लॅरिएट, किंग रँच, प्लॅटिनम ही एक शिडी आहे. पायरी चढत जाल तसा आतला आराम वाढतो, पडदा मोठा होतो, लाकूड आणि कातडे येते. ट्रेमर, रॅप्टर आणि रॅप्टर आर या शिडीच्या वरच्या पायऱ्या नाहीत. ती बुंध्यातून फुटलेली दुसरी फांदी आहे. किमतीच्या यादीत मात्र दोन्ही एकाखाली एक छापलेल्या असतात, आणि जास्त पैसे म्हणजे जास्त गाडी असे गणित मनात आपोआप बसते. या फांदीवर ते गणित चालत नाही. इथे प्रत्येक गाडी एका विशिष्ट जमिनीसाठी बनलेली असते, आणि त्या जमिनीवर जे कमावते त्याची किंमत दुसरीकडे कुठेतरी मोजते. कोणती गाडी काय कमावते आणि काय गमावते, एवढे समजले की तुलना जमते. हॉर्सपॉवरचा आकडा या कामात सर्वांत कमी उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे. ते मत कसे बनले हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

ताकदवान पिकअपचा जन्म शर्यतीच्या मैदानावर झाला असे सांगायला छान वाटते, पण तिच्या पाळण्याची दोरी कायद्याच्या हातात होती. १९७५ च्या मॉडेल-वर्षापासून अमेरिकेत बहुतेक नव्या मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आले. ६,००० पौंडांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रकना त्यातून सूट होती. फोर्डने त्याच वर्षी एफ-१०० पेक्षा किंचित जड अशी एफ-१५० बाजारात आणली, ती बरोबर या रेषेच्या पलीकडे बसावी म्हणून. आज जगभर गाजणाऱ्या या नावाची मुळे अशी प्रदूषणाच्या नियमात आहेत. १९७८ मध्ये डॉजने त्याच फटीतून लिल रेड एक्स्प्रेस काढली. लाल रंग, हौद्याला लाकडी पट्ट्या, केबिनच्या मागे उभी दोन चकचकीत धुरांडी आणि आत ५.९ लिटरचे व्ही-८. त्या काळात मोटारींची इंजिने नियमांनी गुदमरलेली होती. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकाच्या चाचणीत शून्यापासून शंभर मैलांचा वेग गाठण्यात या ट्रकने अमेरिकेत बनलेल्या सगळ्या गाड्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी ती सूट तिच्यापुरती संपली आणि तिच्यावरही कन्व्हर्टर चढला.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे ताकदवान पिकअप म्हणजे रस्त्यावरची पिकअप. शेव्हरोलेने १९९० मध्ये ४५४ एसएस काढली. ७.४ लिटरचे अवाढव्य इंजिन आणि त्यातून निघणारी ताकद मात्र फक्त २३० हॉर्सपॉवर. पहिल्या वर्षी ती एकाच रंगात मिळायची, काळ्या. फोर्डने १९९३ मध्ये लाइटनिंग आणली आणि १९९९ च्या दुसऱ्या पिढीत तिला सुपरचार्जर बसवून ३६० हॉर्सपॉवरपर्यंत नेले. २००१ मध्ये तो आकडा ३८० झाला. या सगळ्या वंशाचा कळस म्हणजे सुरुवातीला सांगितलेली एसआरटी-१०. त्या गाड्यांबद्दल मला प्रेम आहे, पण त्यांच्या मर्यादा उघड होत्या. पिकअपचा हौदा रिकामा असतो तेव्हा मागचा आस हलका असतो. त्या हलक्या आसावर पाचशे हॉर्सपॉवर सोडली की टायर घसरतात. सांगाडा वजन वाहण्यासाठी बनलेला, त्याला वळणावर स्पोर्ट्स कारसारखे वागायला लावणे म्हणजे त्याच्या स्वभावाशी भांडण. पिकअपची उंची, तिची चाकांची मोठी कमान, तिचा लांब सांगाडा हे सगळे रस्त्यावर अडचणीचे ठरते. या अडचणींचाच उपयोग कुठे होईल, हा प्रश्न फोर्डच्या एसव्हीटी या विभागाने विचारला आणि उत्तर मिळाले वाळवंटात.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेला मेक्सिकोचे बाहा हे लांबट द्वीपकल्प आहे. १९६७ पासून तिथे वाळवंटातली शर्यत होते, ती आज बाहा १००० म्हणून ओळखली जाते. त्यात धावणाऱ्या ट्रॉफी ट्रकची चाके दोन-दोन, तीन-तीन फूट वर-खाली होतात आणि ड्रायव्हरचे डोके मात्र जवळपास स्थिर राहते. सर्वसामान्य माणसाला विकता येईल अशी गाडी या तत्त्वावर बनवायची, असे एसव्हीटीने ठरवले. कॅलिफोर्नियातल्या बोरेगो स्प्रिंग्सच्या आसपासच्या वाळवंटात चाचण्या झाल्या. २००८ च्या बाहा १००० मध्ये विक्रीपूर्व गाडीवरून बेतलेला एक शर्यती नमुना उतरवला गेला, त्याने शर्यत पूर्ण केली आणि आपल्या गटात तिसरा आला. २०१० च्या मॉडेल-वर्षात एफ-१५० एसव्हीटी रॅप्टर विक्रीला आली.

आता तिच्या इंजिनाकडे पाहा. पहिल्या रॅप्टरमध्ये सुरुवातीला साध्या एफ-१५० मधलेच ५.४ लिटरचे, ३१० हॉर्सपॉवरचे इंजिन होते. ४११ हॉर्सपॉवरचे ६.२ लिटर इंजिन थोड्या काळाने आले. म्हणजे पिकअपच्या जगाची दिशा ज्या गाडीने बदलली, ती ताकदीत दहा वर्षांपूर्वीच्या लाइटनिंगपेक्षा कमी होती. बदलले होते ते चाक आणि सांगाडा यांच्यामधले सगळे काही: चाके धरणारे, रुंद केलेले पुढचे हात, ३५ इंची टायर, पुढच्या चाकांना ११.२ इंच हालचाल आणि फॉक्स कंपनीचे शर्यतीतून आलेले शॉक ॲब्झॉर्बर.

इथे मी थांबणार आहे, कारण या पुस्तकाचा गाभा शॉक ॲब्झॉर्बरच आहे.

स्प्रिंग गाडीला तोलते, शॉक तिला आवरतो. शॉकच्या नळीत तेल असते आणि त्यात एक दट्ट्या वर-खाली होतो. दट्ट्यातल्या बारीक भोकांतून तेल जायला वेळ लागतो, म्हणून हालचाल मंदावते. चाकाची धडपड अशा रीतीने उष्णतेत बदलते आणि नळीबाहेर निघून जाते. साध्या शॉकमध्ये दट्ट्या किती वेगाने हलतो एवढ्यावर विरोध ठरतो. तो नळीत नेमका कुठे आहे याला महत्त्व नसते. म्हणून अभियंत्याला तडजोड करावी लागते. मऊ ठेवला तर मोठ्या खड्ड्यात चाक शेवटपर्यंत जाऊन आदळते. कडक ठेवला तर रोजच्या रस्त्यावर पाठीचे हाल होतात.

रॅप्टरच्या फॉक्स शॉकमध्ये आतल्या नळीला ठरावीक उंचींवर छिद्रे आहेत, त्याला इंटर्नल बायपास म्हणतात. दट्ट्या मधल्या पट्ट्यात असतो तेव्हा तेलाला या छिद्रांतून आडवाट मिळते, विरोध कमी राहतो आणि गाडी अलगद चालते. चाक वर खूप आत गेले किंवा खाली पार लोंबू लागले की दट्ट्या त्या छिद्रांच्या पुढे जातो, आडवाट बंद होते आणि विरोध झपाट्याने वाढतो. एकाच शॉकमध्ये मऊपणा आणि कडकपणा दोन्ही येतात, चाक कुठे आहे त्यानुसार. ओळीने उंचवटे असलेल्या वाळवंटी वाटेवर ताशी साठ-सत्तर मैलांनी जाताना याचा अर्थ कळतो. पाचव्या-सहाव्या मिनिटाला साध्या शॉकमधले तेल तापते, त्याला फेस येतो आणि विरोध करणारे तेलच उरत नाही. रॅप्टरच्या शॉकचा व्यास मोठा आहे आणि त्याला तेलाची वेगळी टाकी जोडलेली आहे, त्यामुळे तो तापायला बराच वेळ घेतो. २०१७ ची दुसरी पिढी ॲल्युमिनियमच्या अंगाची होती आणि तिच्यात ४५० हॉर्सपॉवरचे दोन टर्बोंचे व्ही-६ आले. पुढच्या चाकांची हालचाल १३ इंचांवर गेली. पुढे त्या शॉकवर विजेवर चालणाऱ्या झडपा बसल्या, त्या सेकंदाच्या अगदी छोट्या भागात विरोध बदलतात.

२०२१ च्या तिसऱ्या पिढीत आणखी एक मोठा बदल झाला. मागचे कमानपाटे गेले आणि २४ इंच लांबीच्या कॉइल स्प्रिंग आल्या, पाच दांड्यांनी आस बांधून. कमानपाटा वजन फार छान वाहतो, पण त्याला दोन कामे एकदम करावी लागतात: तोलायचे आणि आस जागेवर धरायचा. जोरात ताकद दिली की आस स्वतःभोवती पिळवटतो, पाटे वाकतात आणि चाक उड्या मारते. दांड्या आल्यावर आस धरण्याचे काम त्यांच्याकडे गेले. रॅमने आपल्या १५०० ला मागे कॉइल स्प्रिंग २००९ मध्येच दिल्या होत्या, ही गोष्ट फोर्डच्या चाहत्यांनी मान्य केली पाहिजे. याच पिढीपासून ३७ इंची टायर कारखान्यातूनच मिळू लागले.

टीआरएक्सने या खेळात ताकद आणली. तिचे ६.२ लिटरचे सुपरचार्ज केलेले इंजिन हेलकॅट मोटारींतून आलेले, शॉक बिल्स्टीनचे. गाडी हवेत उडाली आहे हे ओळखून, चाके जमिनीला टेकताना गिअरबॉक्सला दणका बसू नये म्हणून इंजिन आवरणारी यंत्रणाही तिच्यात आहे. फोर्डने २०२३ मध्ये रॅप्टर आरने उत्तर दिले. शेल्बी मस्टँगच्या वंशातले ५.२ लिटरचे सुपरचार्ज केलेले व्ही-८, ७०० हॉर्सपॉवर, आणि किंमत एक लाख डॉलरच्या पुढे. टीआरएक्सपेक्षा दोन हॉर्सपॉवर कमी, याची चर्चा तेव्हा खूप झाली. २०२४ ला फोर्डने आकडा ७२० केला. त्या चर्चेत वाया गेलेला वेळ मला आजही टोचतो, कारण याच काळात रॅमने नकळत माझा मुद्दा सिद्ध केला. २०२४ नंतर टीआरएक्स थांबली आणि २०२५ साठी आरएचओ आली. व्ही-८ च्या जागी तीन लिटरचे, दोन टर्बोंचे, सरळ ओळीतले सहा सिलिंडर. ताकद ५४० हॉर्सपॉवर, म्हणजे टीआरएक्सपेक्षा १६२ ने कमी. शून्य ते साठ मैलांसाठी कंपनीने टीआरएक्सचा सांगितलेला वेळ ४.५ सेकंद होता, आरएचओचा ४.६. पुढचे इंजिन हलके झाल्याने गाडीचे नाकही हलके झाले. पायाखालची घडण जवळपास तशीच राहिली. ज्याला वाळवंटातल्या वेगात रस आहे, त्याने गेलेल्या हॉर्सपॉवरसाठी हळहळण्याचे कारण नाही. व्ही-८ चा आवाज ज्याला प्रिय आहे त्याची गोष्ट वेगळी, आणि त्या प्रेमाला मी कमी लेखत नाही. फक्त त्याला वेग म्हणू नये.

सिल्व्हराडो झेडआर२ आणि सिएरा एटी४एक्स यांना या रांगेत बसवून दोन्हींवर अन्याय केला जातो. २०२२ मध्ये झेडआर२ आली तेव्हा तुलनांमध्ये तिला शेवटचा क्रमांक देण्याची चढाओढ लागली. ४२० हॉर्सपॉवर, ३३ इंची टायर, पुढच्या चाकांची हालचाल फक्त ९.८ इंच, मागे कमानपाटे. वाळवंटी मोजपट्टीने ती हरणारच. पण तिच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही आसांना डिफरन्शियल लॉक आहे. टीआरएक्सला पुढचा लॉक नाही. खडकाळ घाटात एक पुढचे आणि एक मागचे चाक हवेत लोंबत असताना, उघडे डिफरन्शियल सगळी ताकद त्या लोंबत्या चाकाला देते आणि गाडी जागेवर रडत बसते. दोन्ही लॉक लावले की जमिनीला टेकलेली दोन चाके गाडी बाहेर काढतात. तिथे सातशे हॉर्सपॉवर असून नसल्यासारखी असते. ताशी दोन मैल वेग असतो. कोलोरॅडोच्या डोंगरवाटांवर किंवा यूटाच्या मोॲबमधल्या लाल खडकांवर जाणाऱ्याने झेडआर२ आधी पाहावी.

तिचे शॉकही वेगळ्या घराण्यातले आहेत. कॅनडाच्या मल्टिमॅटिक कंपनीचे हे शॉक लवचिक पातळ चकत्यांऐवजी सरकत्या झडपांवर चालतात. झडपेच्या खिडकीचा आकार जसा कापाल तसा विरोध मिळतो, आणि तो तंतोतंत पुन्हा पुन्हा मिळतो. हेच तंत्र जनरल मोटर्सने २०१४ च्या कॅमॅरो झेड/२८ या ट्रॅकवरच्या मोटारीत वापरले होते. विजेची एकही तार न जोडता झेडआर२ रोजच्या रस्त्यावर जितकी शहाण्यासारखी चालते, तितकी या पुस्तकातली क्वचितच दुसरी गाडी चालते.

टंड्रा टीआरडी प्रोबद्दल थोडेच सांगतो. ४३७ हॉर्सपॉवर, विजेच्या मोटारीमुळे उभ्या जागेवरून मिळणारा भरघोस टॉर्क, फॉक्सचे शॉक, मागचा लॉक. ती सगळे बऱ्यापैकी करते. वेगळे असे एक काम मला तिच्यात सापडले नाही. ज्यांना टोयोटावर भरवसा आहे त्यांच्यासाठी ती पुरेशी आहे.

आता किमतीकडे वळतो. डॉलरमधली किंमत नाही, वजनातली. प्रत्येक पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून एकूण किती वजन चालेल, ते त्या एका गाडीपुरते तिथे छापलेले असते. रॅप्टरच्या बाबतीत हा आकडा १,४०० पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण ६३५ किलो. टीआरएक्सचा १,३१० पौंड, म्हणजे ५९४ किलो. २०२१ ची वजन वाहण्यासाठी सजवलेली साधी एफ-१५० मात्र ३,३२५ पौंड, दीड हजार किलोंहून जास्त वाहू शकत होती. कारण सोपे आहे. वाळवंटात चाक मोकळेपणाने हलावे म्हणून स्प्रिंग मऊ लागते. मऊ स्प्रिंगवर वजन टाकले की गाडी बसते. शिवाय मोठे टायर, मोठे शॉक, खालच्या पोलादी ढाली हे सगळे स्वतःच जड. गाडीने स्वतःचेच वजन इतके वाहिले की मालासाठी थोडेच उरते.

ट्रेलर ओढण्याच्या आकड्यात हा हिशेब लपून राहतो आणि त्यामुळेच तो धोक्याचा आहे. रॅप्टर ८,२०० पौंड, म्हणजे सुमारे ३,७२० किलो ओढू शकते असे पत्रकात लिहिलेले असते. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीच्या पाठीवर येतो. दहा टक्के धरले तरी ३७२ किलो. ६३५ मधून तेवढे गेले की उरतात २६३. पंचाहत्तर किलोंची तीन माणसे बसली की ३८ किलो शिल्लक. पाच माणसांचे कुटुंब, मागे बॅगा, कुत्रा आणि पूर्ण वजनाचा कॅम्पिंगचा ट्रेलर हे चित्र जाहिरातीत शोभून दिसते. कागदावर ते बसत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत ट्रेलर घेऊन राष्ट्रीय उद्याने पाहायला निघणारी मराठी कुटुंबे आता दिसू लागली आहेत. त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासाठी ट्रेमर आहे. २०२१ च्या ट्रेमरला ३३ इंची टायर आणि थोडी उंची मिळाली, पण मागचे कमानपाटे राहिले. म्हणूनच ती १,८८५ पौंड वाहते आणि १०,९०० पौंड ओढते. रॅमची रेबेल आणि सिल्व्हराडोची ट्रेल बॉस याच मधल्या जातीच्या. त्यांच्यावर मोठे लेख लिहिले जात नाहीत. माझ्या मते दहातल्या बहुतेक ग्राहकांची खरी गरज तिथेच भागते, आणि म्हणून या पुस्तकात त्यांना मी रॅप्टरइतकीच पाने दिली आहेत.

दुसरी किंमत रुंदीची. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे ८० इंच किंवा त्याहून रुंद वाहनाला पुढे पिवळसर खुणेचे दिवे लावावे लागतात. साधी एफ-१५० आहे ७९.९ इंच. रॅप्टर ८७ इंच, म्हणून तिच्या जाळीत ते तीन दिवे. टीआरएक्स ८८ इंच, म्हणून तिच्या बॉनेटवरच्या हवेच्या तोंडात ते बसवलेले. पुढे अनेकांनी ते दिवे शोभा म्हणून साध्या गाड्यांना लावले. एका मोटारीच्या गॅरेजचे दार बहुधा आठ फूट, म्हणजे ९६ इंच असते. रॅप्टरचे ८७ इंच आरसे सोडून आहेत. घेण्याआधी घरी जाऊन टेप लावावा.

इंधनाचे थोडक्यात. टीआरएक्सचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला १२ मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास. पहिल्या रॅप्टर आरचाही तोच. १९७८ च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर कर बसला, पिकअप त्यातून सुटल्या आणि आजही सुटलेल्या आहेत. आयात हलक्या ट्रकवर १९६४ पासून २५ टक्के जकात आहे. युरोपने अमेरिकी कोंबड्यांवर लावलेल्या कराला ते उत्तर होते. टंड्रा टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला का बनते, याचे एक मोठे कारण ही जकात आहे. ताकदवान पिकअप ही इतकी अस्सल अमेरिकी गोष्ट का राहिली, हे समजायला हे दोन नियम पुरतात.

पुस्तकातली प्रकरणे मी किमतीच्या किंवा हॉर्सपॉवरच्या क्रमाने लावलेली नाहीत. जमिनीच्या क्रमाने लावली आहेत: आधी वाळू, मग खडक, मग चिखल आणि बर्फ, मग ट्रेलर, शेवटी डांबर. डांबराचे प्रकरण काही वर्षांपूर्वी लिहिले असते तर ते इतिहासाचे झाले असते. पण २०२५ ला फोर्डने मागून दोन इंच खाली बसवलेली, ४०० हॉर्सपॉवरची एफ-१५० लोबो काढली आणि रस्त्यावरच्या पिकअपला पुन्हा घर मिळाले. आकडे जिथे दिले आहेत तिथे मॉडेल-वर्ष सोबत आहे, कारण एकाच नावाची गाडी दोन वर्षांत बरीच बदलते. शून्य ते साठचे वेळ कंपन्यांनी सांगितलेले आहेत. समुद्रसपाटीपासूनची उंची, हवा आणि टायर यांनी ते बदलतात.

वापरलेली गाडी घेणाऱ्यांसाठी वेगळे प्रकरण आहे, आणि तेच सर्वांत आधी वाचले तरी चालेल. २०१७ ते २०२० च्या रॅप्टर आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत. त्यांचे फॉक्स शॉक उघडून, तेल आणि सील बदलून पुन्हा जोडता येतात. नवे घेण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते. गाडी पाहायला जाल तेव्हा शॉकच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का ते बघा, पुढच्या हातांचे बुशिंग हलवून बघा, आणि खाली वाकून पोलादी ढालीवरचे ओरखडे बघा. ओरखडे असणे वाईट नाही. ते कुठे आहेत ते महत्त्वाचे: ढालीच्या मध्यावर असतील तर गाडी तिच्या कामाला लागली होती, सांगाड्याच्या कडेवर असतील तर ती आदळली होती.